गेम सर्व्हरवरच्या सरकारची निवडणूक आणि तिचे नियम

ऑनलाइन गेम खेळणारी मंडळी आपल्यातूनच अध्यक्ष, कौन्सिल, न्यायाधीश वगैरे निवडतात, आणि मग जमीन कोणाला द्यायची, टॅक्स किती घ्यायचा, भांडणात कोण बरोबर, कोणाला बॅन करायचं हे ती निवडलेली माणसं ठरवतात, त्याला खेळाडूंचं सरकार म्हणतात. हे सरकार निवडायला मत कोण देणार, कधी देणार, मोजणार कोण आणि हरलेल्याने तक्रार कुठे करायची हे सगळं आधी लिहून ठेवणं म्हणजे निवडणुकीचे नियम.

कोकणात रत्नागिरी, मालवण, अलिबागकडची पोरं आणि त्यांचे मुंबई-पुण्यातले भाऊबंद मिळून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमचे सर्व्हर (म्हणजे सगळे मिळून खेळतात ती सामायिक जागा) चालवतात, बोलणं सगळं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर. पंधरा-वीस जण असेपर्यंत नियम लागत नाहीत, गावकीसारखं चालतं, चार जुनी पोरं बसतात, बोलतात, ठरवतात आणि बाकीचे ऐकतात. साठ-सत्तर झाले की मात्र कोण जुना आणि कोण नवा यावरूनच वाद सुरू होतो आणि मग कोणीतरी म्हणतं की आता इलेक्शन घेऊया. बहुतेक ठिकाणी इथेच पहिली चूक होते, कारण तोपर्यंत कोण उभं राहणार हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं आणि मग नियम लिहिताना प्रत्येक जण आपल्या माणसाला कुठला नियम सोयीचा ते बघूनच बोलतो. नियम आधी, उमेदवार नंतर, हा क्रम चुकला की पुढचं काही दुरुस्त होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या गेममध्ये हे कसं चालतं

ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम, त्यात खेळाडूंनी निवडलेलं कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट आहे आणि त्याची पहिली निवडणूक २००८ साली झाली. ते राज्य करत नाही, कंपनीला सल्ला देतं, पण त्याच्या निवडणुकीतून शिकण्यासारखं खूप आहे. मोठ्या टोळ्यांचे लोक एकगठ्ठा मतं टाकायचे आणि सुट्या खेळाडूंची मतं दहा जणांत विखरून वाया जायची, म्हणून २०१३ च्या निवडणुकीपासून तिथे पसंतीक्रमाची पद्धत आणली, म्हणजे एकच नाव न देता पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची. त्यानंतरही टोळ्या थांबल्या नाहीत, त्या आपल्या लोकांना पसंतीची तयार यादीच वाटतात, पण निदान छोट्यांची मतं पूर्ण फुकट जात नाहीत.

ई-रिपब्लिक या खेळाडूंनी देश चालवायच्या गेममध्ये तारखाच ठरलेल्या, महिन्याच्या ५ तारखेला राष्ट्राध्यक्ष, १५ ला पक्षाध्यक्ष, २५ ला काँग्रेस. त्यामुळे ‘निवडणूक पुढे ढकला’ हा वादच उरत नाही. तिथला जुना आजार वेगळा, दुसऱ्या देशाचे खेळाडू गटाने एखाद्या छोट्या देशात येऊन त्याचा पक्ष आणि मग सरकारच ताब्यात घेतात. अ टेल इन द डेझर्ट हा २००३ चा गेम, त्यात खेळाडू सह्या गोळा करून कायदे मांडतात आणि मतदान करून पास करतात, आणि निवडून आलेल्या डेमी-फेरोला (हे तिथलं एक पद) सात खेळाडूंना कायमचं हाकलायचा अधिकार मिळतो. असा अधिकार खुर्चीला जोडलेला असेल तर निवडणूक किती जपून घ्यायला हवी बघा.

मतदार यादी

खरी निवडणूक इथेच जिंकली किंवा हरली जाते, मोजणी नंतरची गोष्ट. फेक आयडी हा सगळ्यात मोठा प्रश्न, एकच मुलगा तीन अकाउंट काढून तीन मतं टाकतो, किंवा शेजारच्या सर्व्हरवरून वीस जणांना आदल्या रात्री बोलावतो. उपाय सोपा आहे पण तो वेळेत करावा लागतो, निवडणूक जाहीर व्हायच्या आधीचीच एखादी तारीख धरायची आणि त्या तारखेला जे मेंबर होते तेच मतदार, नंतर आलेले पुढच्या वेळी. डिस्कॉर्डच्या आयडी नंबरमध्येच ते अकाउंट कधी उघडलं ती वेळ दडलेली असते, त्यामुळे कालचं अकाउंट दोन वर्षं जुनं म्हणून खपवता येत नाही.

काही ॲडमिन आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, बघून एका आयपीला एक मत असा नियम करतात. आपल्याकडे हा नियम अन्याय करतो. मे महिन्यात घरात सात-आठ भावंडं जमतात, सगळी एकाच वायफायवर किंवा काकाच्या हॉटस्पॉटवर, आणि मोबाईल नेटवर्कवर तर अनोळखी माणसांचाही बाहेरून दिसणारा आयपी एकच असू शकतो. म्हणजे नियम फेक आयडीसाठी केला आणि मत गेलं खऱ्या चुलत बहिणीचं. आयपी सारखा दिसला तर चौकशी करावी, नाव थेट कापू नये. आणि ओळख पटवायला आधारचा फोटो तर कधीच मागू नये, यातली निम्मी पोरं अठराच्या आतली असतात, गेममधल्या मतासाठी कोणाच्या मुलाचं आधार कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहणं हे बरोबर नाही. दोन जुन्या मेंबरांनी ‘ही वेगळी व्यक्ती आहे, आम्ही व्हॉइसवर बोललोय’ असं सांगितलं की पुरे.

मग चाकरमान्यांचा प्रश्न येतो. गावात जसं वर्षभर मुंबईत असलेल्या माणसाचं नाव गावच्या यादीत ठेवायचं का यावर बोललं जातं, तसंच इथे, जो फक्त गणपतीत आणि मेमध्ये लॉगिन करतो त्याला मत द्यावं का? रोज खेळणारे म्हणतात महिन्यातून अमुक तास खेळला तरच मत. मला तासांची अट कमीत कमी ठेवलेली बरी वाटते, कारण दहावी-बारावीची पोरं परीक्षेच्या काळात खेळत नाहीत आणि जहाजावर नोकरीला गेलेला सहा महिने दिसत नाही, पण सर्व्हरवर त्याने बांधलेलं घर आणि बंदर तिथेच असतं आणि टॅक्स त्याच्यावरही बसतो. कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने करतात आणि प्रत्येकाला पुन्हा नाव नोंदवावं लागतं, तीच पद्धत इथे चालते, आठवडाभर नोंदणी उघडी ठेवायची, ज्याला मत द्यायचंय तो येऊन नाव लिहील.

मतं कशी मोजायची

एकाच जागेसाठी दोन उमेदवार असतील तर ज्याला जास्त मतं तो जिंकला, प्रश्न मिटला. तीन-चार उभे राहिले की पसंतीक्रम घ्यावा, आणि तो समजवायला आपल्याकडे तयार उदाहरण आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहितात, घरात एखादे गुरुजी असतील तर ते दोन मिनिटांत सांगतील. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्यापेक्षा जास्त मतं नसतील तर सगळ्यात मागच्याला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती वाटतात, असं करत करत कोणीतरी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, गाठतो. कौन्सिलच्या पाच जागा आणि ६० मतं असतील तर ६० ला जागांपेक्षा एकने जास्त म्हणजे सहाने भागायचं आणि एक मिळवायचा, कोटा ११. म्हणजे अकरा जणांचा गट असेल तर त्यांचा एक माणूस नक्की आत जातो, आणि तेवीस जणांच्या टोळीला पाचही जागा मारता येत नाहीत.

अध्यक्ष थेट निवडायचा की कौन्सिलमधून, यावर महाराष्ट्रातच किती उलटसुलट झालं बघा, थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. छोट्या सर्व्हरला कौन्सिलमधून निवडलेला बरा, न पटल्यास बदलता येतो. आणि एकच अर्ज आला म्हणून बिनविरोध घोषित करू नये, एकच उमेदवार असला तरी त्याच्यापुढे नोटा ठेवावा. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी ठरवलं की सगळ्यात जास्त मतं नोटाला पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची, हा नियम जसाच्या तसा उचलावा.

बरोबरी झाली तर चिठ्ठी. आमच्या सर्व्हरवर एकदा बरोबरी झाली तेव्हा एकाने सुचवलं की उद्याच्या भरतीची वेळ बघूया, मिनिटं सम आली तर हा आणि विषम आली तर तो. ऐकायला छान वाटलं, पण भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापलेलं असतं, ज्याने सुचवलं त्याला उत्तर माहीत असू शकतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर एकाच्या पाच वर्षांच्या बहिणीने वाटीतून चिठ्ठी काढली आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

तारखा आणि गुप्तता

गणपती आणि शिमगा टाळावा, पालखी घरोघरी फिरत असताना मतदान कोण करणार. मच्छीमार घरातल्या पोरांना जून-जुलैत वेळ असतो कारण बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, पण तेव्हा वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून मतदान एका संध्याकाळचं न ठेवता निदान तीन दिवस उघडं ठेवावं आणि ज्याचा पूर्ण तालुका अंधारात आहे त्याच्यासाठी मुदत वाढवायचा नियम आधीच लिहावा.

डिस्कॉर्डच्या पोलमध्ये कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, इमोजी टाकून घेतलेल्या मतदानातही तेच, त्यामुळे लहान मुलगा मोठ्या पोरांच्या विरोधात मत द्यायला घाबरतो. त्यापेक्षा प्रत्येकाला एक वेगळा कोड द्यावा, मत त्या कोडवर नोंदवावं आणि शेवटी सगळे कोड आणि मतं जाहीर करावीत, म्हणजे आपलं मत बरोबर मोजलं का हे ज्याचं त्याला तपासता येतं. कोड वाटणारा उमेदवार नसावा, आणि मोजणारा वेगळा असावा.

चावी कोणाकडे

नेशनस्टेट्स या २००२ पासून चालणाऱ्या गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक राष्ट्र चालवतो आणि अशा राष्ट्रांचे प्रदेश असतात; त्यातल्या कितीतरी प्रदेशांची स्वतःची राज्यघटना आणि निवडणुका आहेत, पण गेम मात्र प्रदेशाचा डेलिगेट (प्रतिनिधी) म्हणून त्यालाच मानतो ज्याला तिथल्या सगळ्यात जास्त राष्ट्रांनी पाठिंबा दिलाय. निवडून आलेला एक आणि बटणं दुसऱ्याच्या हातात, यातून तिथे बंडं झालीत. माइनक्राफ्ट सर्व्हरवर ही चावी मालकाकडे असते, जो होस्टिंगचे पैसे भरतो त्याच्याकडे. देवळाची समिती कोणीही निवडून आली तरी गाभाऱ्याची चावी ज्याच्या घरी त्याला विचारल्याशिवाय दार उघडत नाही, तसंच हे. म्हणून निकालानंतर किती दिवसांत कुठले अधिकार नव्या कौन्सिलला द्यायचे, मालक कुठल्या कारणासाठी निकाल रद्द करू शकतो आणि कुठल्या नाही, हे मालकाने मतदानाच्या आधी स्वतः लिहून पिन करून ठेवायला हवं. होस्टिंगचे पैसे वर्गणी काढून भरले तर मालकाचं बोलणं थोडं हलकं होतं, आणि गेममधल्या जगाचा बॅकअप दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी घेऊन त्याची एक कॉपी हरणाऱ्या बाजूच्या माणसाकडेही द्यावी.