तिखट सोडलं, पण गोडा मसाला?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीचा खालचा ओठ वर्षभर सुजलेला होता. दुखायचा नाही, पण उतरायचाही नाही. घरातल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं: तिखट बंद कर. तिनं केलं. सकाळच्या पोह्यांतली मिरची गेली, ठेचा गेला, कैरीच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. पोह्यांवर जिरावण, म्हणजे इंदुरी कोरडा मसाला, मात्र भुरभुरत राहिलं, आणि रोजची आमटी गोड्या मसाल्याची. दोन्हींत दालचिनी!

तोंडाच्या जुनाट दाहात दोन वेगळी पथ्यं असतात, आणि आपण ती एकच समजतो.

पहिलं पथ्य झोंबणारं टाळायचं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. ओरल लायकेन प्लानस या तोंडाच्या आजारात गालाच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा उमटतात, काहींना मध्ये लाल, सोलवटलेली जागाही असते. तिथं मिरची, लिंबू, कढत चहा, पापडाची कड लागली की जीव कळवळतो. हे टाळलं की लगेच बरं वाटतं. पण आजार हटत नाही, फक्त जेवण सुसह्य होतं. तेवढंही कमी नाही.

दुसऱ्या पथ्याचा झोंबण्याशी संबंधच नाही. काही लोकांची प्रतिकारशक्ती ठरावीक पदार्थांवर चिडते. तो पदार्थ जिभेला कितीही सौम्य लागो. ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस हा असा आजार. ओठ सुजून राहतात, भेगा पडतात, कधी हिरड्याही फुगतात. त्यासाठी दालचिनी आणि बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) वगळलेला आहार देतात. 2006 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णांना 8 आठवडे असा आहार देऊन पाहिला, तेव्हा बऱ्याच जणांची सूज कमी झाली. सगळ्यांची नाही; काहींना औषधं लागतातच.

आता मावशीची फळी पुन्हा बघा. घरचं लोणचं तिखटजाळ, पण त्यात मोहरी, मेथी, हिंग, हळद. ना दालचिनी, ना बेंझोएट. ते उगाच गेलं. फ्रिजमधलं बाटलीतलं सरबत गोड म्हणून राहिलं, आणि त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात 211, म्हणजे सोडियम बेंझोएट. बाजारचे सॉस, शीतपेयं, मसाल्याच्या वासाची टूथपेस्ट, माउथवॉश, सगळं उलटून वाचावं लागतं. 210 ते 213 हे आकडे लक्षात ठेवा.

काळाचाही फरक आहे. पहिल्या पथ्याचा गुण त्याच जेवणात कळतो. दुसरं कडकपणे 8 ते 12 आठवडे पाळावं लागतं, मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचं. मध्ये एका लग्नात मसालेभात खाल्ला, तर हिशेब बिघडतो.

आणि सुपारी! जेवणानंतर बडीशेपेबरोबर ती चघळणाऱ्याला तिखट अचानक सोसेनासं झालं, तोंड पूर्वीइतकं उघडेना, तर ते सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर आखडत जाण्याचा आजार, असू शकतं. तिथं मिरची सोडून सुपारी चालू ठेवणं फार महाग पडतं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला माणसात कर्करोग करणारी ठरवलंय. मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी घराघरांत आहेच.

दुसरं पथ्य कृपा करून स्वतःच्या मनानं सुरू करू नका. त्यात टोमॅटो, चॉकलेटपर्यंत बरंच काही सुटतं. वाढत्या मुलांचं पोषण घसरतं. आधी निदान, मग आहारतज्ज्ञ. मुलाचे ओठ सुजलेत आणि पोटही वरचेवर दुखतं, जुलाब होतात, वजन भरत नाही, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा आजार कधी कधी आतड्यांच्या क्रोन्स आजाराबरोबर येतो.

मावशीनं दुसरं पथ्य पाळून तीन महिन्यांनी आधी टोमॅटो परत घेतला. ओठ शांत राहिला. दालचिनी घेतल्यावर चौथ्या दिवशी सूज आली. आता तिच्यासाठी गोडा मसाला वेगळा भाजतो, दगडफूल थोडं जास्त घालून. लोणच्याची बरणी खाली आलीय.