समुपदेशक : प्रशिक्षण आणि व्यवसाय

मानसिक ताण, बिघडलेली नाती, अभ्यास, व्यवसायनिवड, व्यसन किंवा दीर्घ आजार अशा अडचणींत सापडलेल्या व्यक्तीशी ठरलेल्या वेळी, गोपनीयता राखून, शास्त्रीय पद्धतीने बोलणारी आणि तिला स्वतःची वाट शोधायला मदत करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे समुपदेशक. या शब्दात ‘उपदेश’ असला, तरी उपदेश टाळणे हाच या कामातला पहिला धडा. सल्ला द्यायला घरची वडीलधारी माणसे असतात, शेजारी असतात. समोरच्याचे म्हणणे मध्ये न तोडता, मनातल्या मनात निवाडा न करता तासभर ऐकून घेणारे माणूस मात्र दुर्मीळ असते.

समुपदेशकाचे काम जवळच्या दोन व्यवसायांपासून वेगळे आहे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देतात. मनोविकारांचे निदान आणि औषधांविना उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यासाठी वकील किंवा डॉक्टरप्रमाणे सनद लागते, असे भारतात आजवर नव्हते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील व्यावसायिकांच्या व्याख्येतही समुपदेशकाचा स्वतंत्र उल्लेख नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने मात्र वर्तन-आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि काही प्रकारचे समुपदेशक यांना स्थान दिले. सनदेअभावी चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसणारेही याच नावाने वावरतात आणि त्याची किंमत मदतीसाठी आलेली माणसे मोजतात.

रुळलेला मार्ग मानसशास्त्रातील बी.ए. आणि त्यानंतर समुपदेशन किंवा चिकित्सा मानसशास्त्रातील दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.एस्सी. असा आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समुपदेशनावर भर देणारे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका शालेय मानसशास्त्राचे प्रशिक्षण देते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून मानसशास्त्राची एम.ए. करता येत असे, पण 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या दूरशिक्षणातील नवे प्रवेश थांबवले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., हा दुसरा भक्कम रस्ता आहे. शिक्षकांसाठी एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात काही महिने दूरशिक्षण, मग प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटी आपल्याच गावी प्रात्यक्षिक अशी रचना असते. एन.सी.ई.आर.टी.ची महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे.

खरा समुपदेशक घडतो तो पदवीनंतर, पर्यवेक्षणाखाली. नवखा समुपदेशक आपल्या सत्राची शब्दशः नोंद लिहून ज्येष्ठांपुढे ठेवतो. कुठे घाईने उपाय सुचवला, कुठे समोरची बाई रडू लागताच विषय बदलला, कुठे शांतता सहन झाली नाही, हे तिथे उघड होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मांडलेल्या सहानुभाव, विनाअट स्वीकार आणि खरेपणा या तीन अटी परीक्षेत दहा ओळींत लिहिता येतात. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यासमोर बसल्यावर त्या पाळणे वर्षानुवर्षांचे काम आहे. त्यामुळेच समुपदेशकाने आधी स्वतः समुपदेशन घ्यावे, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना 1986) व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही प्रशिक्षण घेऊन रुग्णांसोबत काम करतात. तिथे स्वतःचा अनुभव हेच भांडवल असते, पण प्रशिक्षणाशिवाय ते पुरत नाही.

भाषेचा प्रश्न अभ्यासक्रमांत फारसा येत नाही, तो यायला हवा. पाठ्यपुस्तके इंग्रजी असतात आणि समोरचे माणूस ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोक्यात किडा वळवळतो’ किंवा ‘बाहेरचं काही असेल’ असे सांगते. यातले कोणते नैराश्य, कोणती चिंता आणि कोणता सासरी न सांगता आलेला राग, हे ओळखायला मराठी कान लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि ठाण्याच्या आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्थेने (स्थापना 1990) मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून बोलण्याची सवय लावली, ही मोठीच मदत झाली.

नोकऱ्या विखुरलेल्या आहेत. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 अन्वये न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात आणि महाराष्ट्रात या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी महत्त्वाची ठरते. त्याच वर्षी मुंबई पोलिसांबरोबर सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हे आणखी एक क्षेत्र. शासकीय रुग्णालयांतील एच.आय.व्ही.ची समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलि-मानस हेल्पलाइन (14416), शाळा, महाविद्यालये आणि कंपन्या इथेही काम मिळते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. यातली बरीच पदे कंत्राटी असतात, हे या वाटेने जाणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

स्वतंत्र व्यवसाय सहसा काही वर्षांच्या संस्थात्मक अनुभवानंतर सुरू होतो. पहिल्याच सत्रात गोपनीयतेची हमी द्यायची आणि तिच्या मर्यादाही सांगायच्या असतात. जिवाला धोका असेल तेव्हा घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवावे लागते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. भ्रम, भास किंवा आत्महत्येचे ठरलेले बेत दिसले, तर त्या व्यक्तीला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते. त्यासाठी जवळच्या एखाद्या तज्ज्ञाशी ओळख आणि त्यांचा फोन नंबर पहिला क्लायंट येण्याआधीच हाताशी असावा लागतो.