सूक्ष्मकर्जावरच्या व्याजाची मर्यादा: कशी आली, कशी गेली

गटातल्या बायकांना मिळणाऱ्या छोट्या विनातारण कर्जावर, म्हणजे सूक्ष्मकर्जावर, वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के व्याज घ्यावं, याचा ठरावीक आकडा आज मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या, नियमांत नाही. २०११ ते २०२२ या काळात या ना त्या स्वरूपात मर्यादा होती. कर्जदारांची बाजू मांडणाऱ्या संघटना अजूनही घुटमळतात ती याच मुद्द्यापाशी.

सावकारीला लगाम घालणं महाराष्ट्राला नवं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे पेटले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहून कितीतरी जुना. बँका मात्र या चौकटीबाहेर राहिल्या. बँकेचं व्याज जाचक आहे एवढ्याच कारणावरून कर्जाचा हिशेब पुन्हा उघडायला कोर्टांना १९८४ पासून मनाई आहे.

आजच्या नियमांचं मूळ आहे ते आंध्र प्रदेशात. एकाच बाईला तीन-चार सूक्ष्मवित्त (अशी छोटी कर्जं देणाऱ्या) कंपन्यांची कर्जं, दर आठवड्याला हप्ता, एकीचा चुकला की गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वसुलीवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला. वसुली जवळपास ठप्प झाली. मध्यवर्ती बँकेने समिती नेमली आणि मे २०११ मध्ये २६ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. २०१४ पासून तिच्या जागी सूत्र आलं: कंपनीला निधी ज्या दराने पडतो त्यात १० टक्के (छोट्या कंपन्यांना १२) मिळवून येणारा दर, किंवा पाच मोठ्या बँकांच्या सरासरी आधारदराच्या (ज्याच्याखाली बँक सहसा कर्ज देत नाही त्या दराच्या) २.७५ पट, यांतलं जे कमी असेल ते. हे गणित गटाच्या मीटिंगमध्ये बसलेली कोणती बाई पडताळून पाहणार होती, हा प्रश्न तेव्हाही फारसा कुणी विचारला नाही.

तरी त्या नियमांनी एक मोठं काम केलं. व्याज घटत्या शिलकीवरच मोजायचं, अशी सक्ती केली. तीस हजारांचं कर्ज, महिन्याला २,८०० चे बारा हप्ते, एकूण ३३,६०० परत. सांगताना ‘बारा टक्के फ्लॅट’, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर बारा टक्के, असं सांगितलं जातं. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं. तसा हिशेब केला तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

१४ मार्च २०२२ च्या निर्देशांनी ही मर्यादा काढली. १ एप्रिलपासून दर ठरवायचा अधिकार प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाकडे गेला. कारणं पोकळ नव्हती. मर्यादा फक्त सूक्ष्मवित्त कंपन्यांना होती, त्याच बायकांना कर्ज देणाऱ्या बँकांना नव्हती. शिवाय कमाल दर हाच बाजारातला चालू दर होऊन बसला. स्वस्त ठेवींवर चालणाऱ्या बँकाही त्याच्याच आसपास व्याज लावू लागल्या. मर्यादा काढली की स्पर्धा होईल आणि दर उतरतील, असा युक्तिवाद होता.

बदल्यात मिळालं तेही थोडं नाही. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज कुणीही दिलं तरी नियम एकच. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही; उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर नाही. ‘अवाजवी दर नकोत’ असंही त्यात लिहिलं, पण अवाजवी कुठून सुरू होतं ते सांगितलं नाही. खरी अडचण इथेच आहे. आकडा असला की तक्रार करता येते. स्पर्धेचं म्हणाल तर गरजेच्या वेळी दारात कंपनीचा जो माणूस, ‘सर’, उभा असतो त्याच्याकडून कर्ज घेतलं जातं, दर तोलून नव्हे.

मर्यादा जाऊन दोन महिने होत नाहीत तोच, मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबद्दल निकाल दिला: मध्यवर्ती बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना (सूक्ष्मवित्त कंपन्या त्यांतल्याच) हे कायदे लागू नाहीत. राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून अशा कंपनीशी भांडण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांवर सगळी शुल्कं धरून येणारा वार्षिक दर ठरावीक नमुन्याच्या पत्रकात लिहून देणं बंधनकारक झालं. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेने चढ्या दरांवर बोट ठेवत चार कंपन्यांना नवी कर्जं द्यायला मनाई केली; दोन सूक्ष्मवित्तातल्याच होत्या. पुढच्या काही महिन्यांत मनाई उठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. एका बाईला किती संस्थांनी कर्ज द्यावं याचा आकडा आधी चार आणि मग तीन असा खाली आला. तो मात्र उद्योगाच्या स्वयंनियमन संस्थांनी आपल्या सभासदांना घालून दिलेला आहे.