माहिती-शोध वर्तन

माहिती-शोध वर्तन म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही हे खुपायला लागतं तिथपासून ती कुठून तरी कळते, पटते किंवा पटत नाही, आणि मग माणूस तिचं काय करतो इथपर्यंत जे जे घडतं ते, आणि त्याचा अभ्यास. नावाला ही ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची शाखा, पण मानसशास्त्रवाले, समाजशास्त्रवाले, कॉम्प्युटरवाले, शेतीवाले, डॉक्टर सगळ्यांचाच यात हात आहे. कुणाला विचारलं, कुणाला मुद्दाम विचारलं नाही, गुगल केलं की मामाला फोन लावला, दोघांनी दोन उत्तरं दिली तेव्हा कुणाचं ऐकलं, सगळं यात येतं.

आधी अभ्यास व्हायचा तो पुस्तकांचा. किती पुस्तकं देवघेवीत गेली, कुठली नियतकालिकं वाचली जातात वगैरे. वाचकाकडे बघा हे आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रातल्या एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मधे पाच सूत्रांत सांगून ठेवलं होतं, त्यातलं चौथं तर सरळ वाचकाचा वेळ वाचवा असंच आहे. पुढे १९४८ मधे लंडनच्या रॉयल सोसायटीने वैज्ञानिक माहितीवर मोठी परिषद भरवली, शास्त्रज्ञ लोक वाचतात काय आणि कसं हे त्यांनाच विचारायला तिथून जोर आला. तरी बराच काळ प्रश्न ग्रंथालयाच्या बाजूनेच विचारले जात होते, म्हणजे आमची सेवा कशी वाटते या थाटाचे.

खरा उलगडा माझ्या मते रॉबर्ट टेलर यांच्या १९६८ च्या लेखाने केला. ग्रंथपालांशी बोलून त्यांनी मांडलं की माणसाची गरज चार पायऱ्या उतरत येते. आधी नुसती आतली अस्वस्थता, शब्द नसलेली. मग मनात धूसर वर्णन. मग नीट वाक्यात बसवलेला प्रश्न. आणि शेवटी समोरच्याकडे काय मिळेल याचा अंदाज घेऊन कापूनछाटून विचारलेला प्रश्न. काउंटरवर पोचतो तो हा चौथा, आणि उत्तर आपण त्यालाच देऊन मोकळे होतो.

कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीतून कपाशीची दोन-तीन पानं काढून काउंटरवर ठेवतो, पानं कडेने लाल पडलेली असतात, आणि विचारतो, "भाऊ, यावर काय मारू?" आता या तीन शब्दांत फवारायचंच हे आधीच ठरून आलेलं आहे, कारण हे औषधाचं दुकान आहे आणि इथे औषधच मिळणार हे त्याला माहीत आहे. त्याच्या पोटातली काळजी वेगळी, पाऊस ओढ देतोय, उधारी वाढलीय, यंदा बोंडं धरतील का नाही. आणि पानं लाल व्हायला मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलेलं असू शकतं, पाण्याचा ताण असू शकतो, रात्रीची थंडी असू शकते, तुडतुडे असू शकतात, यातल्या निम्म्या गोष्टींवर कीटकनाशक मारून काहीच होत नाही. जो दुकानदार पान उलटं करून बघतो आणि विचारतो की कोरडवाहू का बागायती, खताचा शेवटचा डोस कधी दिला, सगळ्या रानात आहे का एका कोपऱ्यात, तो त्या शेतकऱ्याला चौथ्या पायरीवरून परत पहिलीकडे नेत असतो. ग्रंथालयात यालाच संदर्भ-मुलाखत म्हणतात. २००४ मधे सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर, १८००-१८०-१५५१ वर, तर पान दिसतच नाही, तिथे सगळी भिस्त उलट विचारण्यावर.

निकोलस बेल्किन यांनी १९८० मधे हीच अडचण दुसऱ्या बाजूने मांडली. ज्याला माहीत नाही त्यालाच काय माहीत नाही ते सांगा म्हणणं मुळात अवघड, आणि सर्चची खिडकी नेमकं हेच मागते. ब्रेंडा डर्विन यांनी चित्र दिलं ते खड्ड्याचं, म्हणजे माणूस चालता चालता एका जागी अडतो, पुढे जायला त्याला पूल लागतो, तेव्हा तो कुठे अडलाय ते आधी विचारा. शेफिल्डच्या टॉम विल्सन यांनी इंग्लंडमधल्या समाजसेवा खात्यांत माणसं कामाच्या जागी माहिती कशी मिळवतात ते शेजारी बसून बघितलं, त्यात बहुतेक देवाणघेवाण तोंडी निघाली. त्यांचा १९८१ चा लेख आणि त्यातली आकृती अजून शिकवतात.

कॅरल कुलथाउ यांचं काम मला विशेष जवळचं वाटतं कारण त्यांनी भावना मोजल्या. शाळकरी मुलांना प्रोजेक्ट करताना बघून त्यांनी सहा टप्पे सांगितले, आणि दाखवलं की विषय निवडल्यावर थोडं हुशारल्यासारखं वाटतं पण वाचायला लागलं की आत्मविश्वास खाली येतो, गोंधळ वाढतो, आणि नेमका मुद्दा सापडला की मगच तो वर चढतो. ज्यांनी प्रबंध लिहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण त्या गोंधळात पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, तेव्हा हा टप्पा सगळ्यांनाच येतो हे कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे. मार्सिया बेट्स यांनी १९८९ मधे शोधाला बेरी वेचण्याची उपमा दिली, आपल्याकडे करवंदं काढतात तसंच, या जाळीतून चार त्या जाळीतून दोन, आणि पुढे सरकताना कुठे जायचं हेही बदलत जातं.

एल्फ्रेडा चॅटमन यांच्याशिवाय ही नोंद अपुरी. त्या ग्रंथालयात न येणाऱ्यांकडे गेल्या, सफाई कामगार, म्हाताऱ्या बायका, तुरुंगातल्या बायका. त्यांना दिसलं की माहिती शेजारी असूनही माणसं मागत नाहीत, कारण मागणं म्हणजे आपली अडचण उघडी करणं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. कर्जाचं पुनर्गठन कसं करतात हे सोसायटीत विचारलं की गावभर होतं, म्हणून विचारायचंच नाही. बाईला आपल्या दुखण्याबद्दल विचारायचं असतं पण दवाखान्यात सोबत सासू बसलेली असते. याला आळस किंवा अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. आपल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ६(२) आहे की अर्जदाराला माहिती कशाला पाहिजे हे विचारायचं नाही, ते याच भीतीवरचं औषध आहे. ग्रंथपालाने कशाला पाहिजे ते हळूच विचारायचं आणि सरकारी अधिकाऱ्याने अजिबात नाही, दोन्ही बरोबर, कारण अधिकाऱ्याकडे माहिती मागणाऱ्याला अडवायची ताकद आहे आणि ग्रंथपालाकडे नाही.

याच्या उलट बाजूला कॅरेन फिशर यांचं काम. कॅनडात वृद्धांच्या पायांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकांमधे त्यांनी पाहिलं की पाय दाखवायला आलेले लोक गप्पांत भलतीच उपयोगी माहिती घेऊन जातात, अशा जागांना त्यांनी माहितीची मैदानं म्हटलं. गिरणीवर दळण होईपर्यंत थांबलेल्या बायका, पारावर बसलेली माणसं, एसटीची वाट बघणारे, सगळे याच्यात बसतात. कुणी माहितीसाठी तिथे जात नाही, तरी निराधार योजनेचा फॉर्म कुठे मिळतो ते तिथेच कळतं.

अभ्यासाच्या पद्धती म्हणाल तर मुलाखती, रोजनिशी, शेजारी बसून निरीक्षण, आणि आता सर्चचे लॉग, म्हणजे कुणी काय टाइप करून शोधलं याच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या नोंदी. लॉग स्वस्त पडतात आणि ढिगाने मिळतात म्हणून ओढा तिकडे जास्त आहे. पण लॉगमधे "कापूस पान लाल औषध" एवढंच उमटतं, कोरडवाहू का बागायती ते नाही, उधारी नाही, पिशवीतली पानं नाहीत, आणि ज्याने टाइप केलंच नाही तो तर कुठेच नाही.