काचेतल्या बाळाला ऑक्सिजन किती?

"बाळाला काचेत ठेवलंय," असा फोन आला की घरातून पहिला प्रश्न येतो, "ऑक्सिजन लावलाय ना?" माझ्या भाचीचं बाळ ३१व्या आठवड्यातच झालं, तेव्हा आम्हीही तेच विचारलं. त्याच्या उजव्या मनगटाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली होती आणि मॉनिटरवर ९३ चा आकडा, म्हणजे रक्त किती टक्के ऑक्सिजननं भरलंय ते. शेजारच्या पेटीतल्या बाळाचे आजोबा सिस्टरना विनवत होते, "९५च्या खाली गेलंय हो, जरा वाढवा ना!" कोविडनं आपल्या डोक्यात पक्का बसवलेला हा ९५. सिस्टरनी वाढवला नाही. थोड्या वेळानं आकडा ९७ झाला, मॉनिटर वाजू लागला, आणि त्यांनी ऑक्सिजन चक्क कमी केला. आजोबांचा चेहरा उतरला. त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगायचं आहे.

पोटात असताना बाळाच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जेमतेम पाऱ्याच्या २५ ते ३० मिलिमीटर असतो, आपल्या एक तृतीयांशाहूनही कमी. पूर्ण दिवसांचं, धडधाकट बाळसुद्धा जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला ६०-६५ टक्क्यांवर असतं. नव्वदीच्या आसपास पोचायला त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. इतक्या थोड्या वेळात इतका ऑक्सिजन शरीराला आयुष्यात पुन्हा कधी झेलावा लागत नाही.

आणि ऑक्सिजन झेलावाच लागतो. त्याचा रेणू इलेक्ट्रॉनचा भुकेला. एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर त्याचा सुपरऑक्साइड होतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. तिथे सुटं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल, जे पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्यावर तुटून पडतं. याला आवर घालणारी विकरं (एन्झाइम्स) आपल्याकडे आहेत, पण बाळात ती भरपूर तयार होतात गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. लवकर आलेल्या बाळाकडे ती अपुरी असतात, आणि सुटं लोह धरून ठेवणारं प्रथिनही कमी. माऱ्यापुढे बचाव तोकडा पडतो, ती अवस्था म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

आता मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. जन्मताना बाळ गुदमरलं तर पेशींना ऊर्जा मिळेनाशी होते. शाळेत शिकलेलं एटीपी आठवा, पेशीला ऊर्जा पुरवणारं. एरवी ते खर्च होतं आणि पुन्हा भरलं जातं. ऑक्सिजन नसला की भरणं थांबतं आणि मोडणं चालू राहतं: एटीपीचं एडीपी, त्याचं एएमपी, मग अडेनोसिन, इनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन. ते साचत जातं. त्याचं पुढे विघटन करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकराला ऑक्सिजन लागतो, आणि तोच तर नसतो. म्हणजे विझत आलेल्या चुलीत वाळकं जळण कोंबत जावं, तसं. अशा वेळी आपण शंभर टक्के ऑक्सिजनची फुंकणी मारली की सगळं एकदम पेटतं. विकर हायपोझँथिनचे इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनच्या हवाली करतं आणि सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो. इजा गुदमरण्यानं होतेच, पण सुटकेच्या क्षणीही होते!

नॉर्वेचे बालरोगतज्ज्ञ ओला सॉगस्टाड १९७०च्या दशकापासून या हायपोझँथिनच्या मागे लागले होते. मग गुदमरलेल्या बाळाला शुद्ध ऑक्सिजनऐवजी साध्या हवेनं श्वास दिला तर? दिल्लीत सिद्धार्थ रामजी आणि सहकाऱ्यांनी ८४ बाळांवर ते करून पाहिलं. निष्कर्ष १९९३ साली आले. १९९८ साली सहा देशांतल्या ६०९ बाळांचा मोठा अभ्यास आला, त्यातही भारत होता. साध्या हवेवरची बाळं मागे पडली नाहीत. उलट ती आधी रडली: साधारण १.६ मिनिटांनी, शुद्ध ऑक्सिजनवरची २ मिनिटांनी. २०१०पासून पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास द्यायची सुरुवात साध्या हवेनंच करावी, असं जगभर सांगितलं जातं.

डोळ्यांचा धडा जुना आहे. १९४०च्या दशकात काचेच्या पेट्यांमध्ये सढळ हातानं ऑक्सिजन सोडला गेला आणि सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. जादा ऑक्सिजननं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबते, मग उपाशी पडदा वेड्यावाकड्या वाहिन्या वाढवतो आणि शेवटी पडदाच सुटतो. मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. पण नंतर हात फारच आखडला गेला आणि बाळं दगावू लागली. २०१० सालच्या अमेरिकी अभ्यासातही ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचले, पण मृत्यूही जास्त झाले. म्हणून तो मधला अरुंद पट्टा, ९१ ते ९५.

हे वाचून कोणी गरोदर सुनेसाठी 'अँटिऑक्सिडंट' पावडरचा डबा आणायला निघू नये. ब्रिटनमध्ये क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस गर्भवतींना देऊन पाहिले होते. २००६चा निकाल असा, की गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार टळला नाही, आणि कमी वजनाची बाळं मात्र जास्त जन्मली. जाहिरातीत हे कोणी छापत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात, अगदीच नाजूक बाळाचे त्याहूनही आधी. बाळ बाहेरून छान दिसतं, दूध पितं, म्हणून ही तारीख चुकते. आमच्या बाळाच्या डोळ्यात थेंब घालून डॉक्टरांनी पाहिलं, तेव्हा रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचायच्या होत्या. दर दोन आठवड्यांनी बोलावलं. चौथ्या खेपेला त्या पोचलेल्या दिसल्या.