इफिससचे बंदर कशाने बुजले?

आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसस या प्राचीन शहराच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत आणि आर्टेमिसचे मंदिर सगळ्यांना ठाऊक असते. नाट्यगृहासमोरून निघणारा सुमारे ५०० मीटरचा खांबांचा रस्ता मात्र थेट दलदलीत संपतो. तिथे बंदर होते. समुद्र आता पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला आहे.

मूळ वस्ती मंदिराच्या आसपास होती. इ.स.पू. ३०० नंतर लवकरच अलेक्झांडरच्या एका सेनापतीने शहर आजच्या जागी हलवले. लोक जागचे हलेनात, म्हणून मुसळधार पावसात त्याने गटारे बुजवली आणि घरांत पाणी घुसवले, असे सांगतात.

खरा वाद पुढच्या शतकातल्या बांधाचा आहे. बंदराचे मुख फार रुंद आणि आत उथळ जागा, त्यामुळे मोठी मालवाहू जहाजे आत येईनात. पर्गमॉन या राज्याच्या राजाने मुखावर बांध घालून ते अरुंद केले. मुख अरुंद झाले की पाणी खोल राहील, असा अभियंत्यांचा हिशेब होता. झाले उलटे. कायस्ट्रोस नदीचा गाळ पूर्वी भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाई, तो आतच अडकला आणि बंदर मुखापर्यंत उथळ झाले. हे एका प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवले आणि तेव्हापासून सगळे खापर बांधावर फुटते.

हे जरा अन्यायाचे आहे. एजियन समुद्राची भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. तिच्या जोरावर बंदर साफ राहिले असते, हे पटत नाही. नदीचे मुख तर बांधाआधीही पश्चिमेला सरकतच होते. बांधाने गाळ आणला नाही, फार तर त्याची गती वाढवली. आणि तोच भूगोलकार लिहितो की शहराचा व्यापार दिवसेंदिवस वाढतो आहे.

पुढे उपसा कायमचाच झाला. इ.स. ६० च्या सुमारास एका रोमन प्रांताधिपतीने बंदर साफ करवले, तर १२९ मध्ये सम्राटाने नदीचा प्रवाह वळवला. १४७ च्या सुमाराचा शिलालेखातला हुकूम फार बोलका आहे: धक्क्यावर लाकूड आणि दगड रचू नयेत, कारण ओझ्याने खालचे आधार खचतात, तिथे दगड कापूही नये, कारण कापताना वापरलेली कुरुंदाची पूड पाण्यात पडून तळ भरतो. म्हणजे नदीइतकाच गावाचाही हातभार होता.

तरी किनारा पुढेच जात राहिला. बंदराला समुद्राशी जोडण्यासाठी लांबलचक कालवा राखावा लागला आणि त्याच्या दोन्ही काठांवर थडगी उभी राहिली. तिसऱ्या आणि सातव्या शतकांतल्या भूकंपांनी शहर खिळखिळे केले. वस्ती जवळच्या आयासुलुकच्या टेकडीकडे सरकली, व्यापार पुढे कुशादासी या किनाऱ्यावरच्या बंदराला गेला.

गेल्या दशकात कालवा खोदून होड्या पुन्हा आत आणण्याची योजना जाहीर झाली. पर्यटनाच्या दृष्टीने ती आकर्षक आहे. पण बंदराच्या तळातल्या गाळात परागकण आणि शिशाच्या प्रदूषणाच्या खुणा थरावर थर साचल्या आहेत. तो गाळ उपसला की थरांचा क्रम मोडतो, आणि कोणता थर कधीचा हे पुन्हा लावता येत नाही.