रेडी अ‍ॅक्शन कधी घ्यावी, कधी टाळावी

डाइस आणि मॅट घ्यायला येणारी मंडळी बेळगावातली असोत नाहीतर खानापूर-निपाणीकडची, काउंटरवर एक प्रश्न हटकून निघतो: "माझी टर्न आली, पण शत्रू भिंतीआड आहे. मग काय करायचं?" त्याचं उत्तर म्हणजे रेडी अ‍ॅक्शन, म्हणजे नेमक्या वेळेची वाट पाहून हलण्याची तयारी. त्यासाठीच हे पत्रक. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालचे आहेत.

आपल्या टर्नला अ‍ॅक्शन (त्या टर्नचं मुख्य काम) खर्च करून तुम्ही दोन गोष्टी सांगता: काय घडलं की हलायचं, आणि तेव्हा काय करायचं. घडणारी गोष्ट, म्हणजे ट्रिगर, तुमच्या पात्राला दिसेल किंवा कळेल अशी हवी. ती घडली की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी झटपट कृती) वापरून ठरलेलं काम करता येतं. नको वाटलं तर सोडूनही देता येतं. पुढची टर्न येईपर्यंत ती घडलीच नाही, तर अ‍ॅक्शन वाया. इनिशिएटिव्हमधली, म्हणजे टर्नच्या क्रमातली, तुमची जागा मात्र बदलत नाही.

खरी कसोटी ट्रिगरच्या शब्दांत आहे. समजा, मॅटवर राजहंसगडासारखा गड मांडलाय आणि बुरुजाआडचा तिरंदाज डोकं वर काढतो, बाण सोडतो, पुन्हा लपतो. "त्यानं बाण मारला की मी मारणार" असं म्हणालात, तर त्याचा बाण आधी तुम्हाला लागणार, कारण रिअ‍ॅक्शन ट्रिगर पुरा झाल्यावर येते. "तो बुरुजाआडून दिसला की" असं म्हणा, म्हणजे तुमचा बाण आधी सुटेल. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय आत पडताच घोटा धरतात, त्याचा हात लागेपर्यंत थांबत नाहीत, तसंच हे. फार नेमका ट्रिगरही नको. "तो डाव्या खिडकीतून दिसला की" म्हणालात आणि तो उजवीकडून आला, तर तुम्ही नुसतेच उभे.

आता किंमत. रिअ‍ॅक्शन एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न होईपर्यंत) एकदाच मिळते. समोरून कुणी पळताना त्याच रिअ‍ॅक्शननं ऑपर्च्युनिटी अटॅक (संधीचा वार) मारलात, तर रेडी ठेवलेला वार गेला. पाचव्या लेव्हलच्या फायटरचा (लढवय्या पात्राचा) एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे जादा वार, फक्त त्याच्याच टर्नला चालतो, म्हणून रेडीत त्याला एकच वार मिळतो. समोर मारण्याजोगा शत्रू असेल तर फायटरनं थांबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'रोग' या चोरट्या पात्राचं तितकं बिघडत नाही: बहुतेक वेळा त्याचा वार एकच असतो, आणि त्याचा स्नीक अटॅक (संधी साधून केलेली जादा इजा) दुसऱ्याच्या टर्नलाही लागू होतो.

स्पेलबाबत (जादूच्या मंत्रांबाबत) सगळ्यात जपून. एका अ‍ॅक्शनमध्ये होणारीच स्पेल रेडी ठेवता येते. स्लॉट (मंत्रांच्या मोजक्या साठ्यातला एक) तिथेच खर्च होतो आणि स्पेल सुटेपर्यंत कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एकाग्रता, लागतं. कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकाच स्पेलवर राहतं, म्हणून ब्लेससारखी दुसरी स्पेल चालू असेल तर ती संपते. मध्ये मार बसला आणि सेव्ह (ते टिकवण्याचा फासा) चुकला, तर स्पेल आणि स्लॉट दोन्ही गेले. म्हणून विझार्डला (जादूगाराला) मागे, आडोशाला ठेवा.

एवढं सांभाळलंत तर दोघांनी मिळून केलेली रेडी अ‍ॅक्शन फार देखणी होते. फायटर दारात अडकलाय, आतल्या खोलीत शत्रूंची गर्दी आहे. विझार्ड सांगतो, "फायटर मागे सरला की फायरबॉल." (फायरबॉल म्हणजे आगीच्या स्फोटाची स्पेल.) फायटर आपल्या टर्नला डिसएंगेज घेऊन मागे येतो, म्हणजे जाता जाता वार बसत नाही. फायरबॉलचा घेर २० फूट त्रिज्येचा, म्हणजे केंद्रापासून चारी बाजूंना मॅटवरचे ४ चौकोन, आणि आग कोपऱ्यावरून वळतेसुद्धा. म्हणून केंद्र खोलीत खोलवर धरा, म्हणजे फायटर भाजणार नाही.

लढाई सुरू होण्याआधी "दार उघडलं की मी मारणार" म्हणत रेडी घेऊ नका. तिथे आधी इनिशिएटिव्ह टाकायचं असतं, आणि समोरचा बेसावध होता का, ते डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवतो.

डीएमसाठीही एक विनंती. राक्षसाला ताणलेलं धनुष्य दिसतं, पण खेळाडूच्या मनातला ट्रिगर कळत नाही. तो ऐकून राक्षसाची चाल बदलू नका. तसं होऊ लागलं की खेळाडू रेडी घेणंच सोडून देतात. यासाठीच डाइसच्या प्रत्येक सेटसोबत आम्ही कोरी कार्डं देतो, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. खेळाडूनं ट्रिगर आणि कृती लिहून कार्ड पालथं ठेवावं, आणि वेळ आली की उलटावं. कार्डं संपली तर दुकानातून आणखी घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.